पिंजऱ्यातला स्टिरिओ

यशीचा हात फिरत्या रेकॉर्डवर पडला आणि गाणं थांबलं. घरातली बाकीची माणसं नंतर म्हणाली की मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तसा आवाज झाला. तिच्या आजोबाला, झुंबरला, एवढंच कळलं, की छातीत चाललेला ढोलक बंद पडला. तो मोरीत दाढी करत होता. तोंडाला साबण तसाच ठेवून तो बाहेर धावला.

स्टुलाला धरून यशी उभी होती. वय अजून वर्षाचंही नाही, पण सुईचा दांडा मुठीत असा धरलेला, की जणू बैलगाडीचा कासरा. झुंबर मागून ओरडला, "ए, सोड. सोड म्हणतो ना." पोरगी ढिम्म. वळली नाही, दचकलीही नाही. शेवटी त्यानेच तिला काखेत उचललं आणि एकेक बोट सोडवून सुई मोकळी केली. यशीने त्याच्या गालावरचा साबण चाखून बघितला, तोंड वाकडं केलं आणि हसली.

"पोरीला भीती म्हणून कशाची नाय," तिची आजी चांगुणा स्वयंपाकघराच्या दारातून कौतुकाने म्हणाली. झुंबरला ते ऐकू गेलं नाही. तो सुई उन्हात धरून बघत होता.

झुंबर सातपूरच्या एका छोट्या कारखान्यात लोखंडी कपाटं आणि धान्याच्या कोठ्या बनवायचा. सायखेड्याहून नाशकात आला तेव्हापासून त्याने एकच काम केलं, पत्रा ठोकणं. पत्रा ठोकणाऱ्याचे कान पत्र्याबरोबरच चपटे होतात, असं तिथली माणसं हसून सांगायची. झुंबरच्या कानांतून आधी बारीक आवाज गेले. चिमण्या गेल्या, सायकलची घंटी गेली, मग कुकरची शिट्टी गेली. पुढे चांगुणाचं बोलणंही गेलं, पण ते गेलं नाही, यांनी घालवलं, असं चांगुणाचं ठाम मत होतं. डॉक्टरांनी कानात बत्ती मारून सांगितलं होतं, गेलेलं काही परत यायचं नाही, उरलंय तेवढं वापरा.

झुंबरने ते फारच मनावर घेतलं. त्याला गाण्याचं वेड होतं, आणि आपल्याला आता गाणं किती वर्षं ऐकू येणार याचा नेम नव्हता. रेडिओतलं गाणं त्याला पलीकडच्या गल्लीतून आल्यासारखं वाटू लागलं होतं. म्हणून ब्याऐंशी साली, कॉलनीत जो तो टीव्हीच्या गोष्टी करत होता तेव्हा, याने मुंबईहून स्टिरिओ आणला. रेकॉर्ड प्लेअर, जड अँप्लिफायर आणि कमरेएवढ्या उंच दोन स्पीकर पेट्या. पहिल्याच दिवशी आवाजाचं बटण अर्ध्याच्या पुढे गेलं आणि झुंबर भिंतीला टेकून खाली बसला. ढोलकीची थाप त्याच्या बरगड्यांना लागत होती. त्या दिवशी तो चांगुणासमोर रडला होता. ते ती कुणालाही सांगत नसे, आणि तिच्यासारख्या बाईसाठी ही मोठीच गोष्ट होती.

तर असा तो स्टिरिओ. तो बिघडला तर दुरुस्तीला मुंबई, आणि तिथे तो महिनोन्महिने पडून राहणार. तेवढ्यात उरलंसुरलं ऐकणं संपलं तर? हा एकच विचार झुंबरच्या डोक्यात भुंग्यासारखा फिरायचा. यशी पालथी पडत होती तोवर ठीक होतं. ती रांगायला लागली आणि त्याची झोप उडाली.

तिला खुळखुळा नको, बाहुली नको. सकाळी डोळे उघडले की ती थेट डाव्या स्पीकरकडे निघायची. मुलगा मिलिंद आणि सून करुणा हसायचे. झुंबरला हसू येत नव्हतं. त्याने प्लेअर कपाटावर चढवला, तर रेकॉर्ड बदलायला त्यालाच स्टुलावर चढावं लागे. एकदा घसरून कोपर फोडून घेतलं आणि प्लेअर पुन्हा खाली आला. पेट्या तर हलवायची सोयच नव्हती. उंचावर ठेवल्या की ढोलक हवेत विरून जायचा, बरगड्यांपर्यंत पोहोचायचा नाही. त्याने पेट्यांना जुनं लुगडं गुंडाळलं. यशीने लुगड्याखाली डोकं घातलं. शेजारणीने सांगितलं, कडुनिंबाचा पाला वाटून लावा, पोर तोंड लावणार नाही. पाला लावला. पोरीने तोंड लावलं नाही, गाल लावला. दिवसभर हिरव्या गालाने घरभर फिरली.

मग त्याने बागुलबुवा काढला. ती पेटीकडे निघाली की हा मागून गरजायचा, "बागुलबुवा आला." पोरगी रांगतच राहायची. कारखान्यात गरजून गरजून कमावलेला त्याचा तो आवाज, शेजारची पोरं घाबरून आईच्या पदरात शिरायची, आणि ज्या पोरीसाठी हे सारं चाललं होतं ती मात्र आपल्याच तंद्रीत.

करुणाला उलट तिचा अभिमान होता. कॉलनीतल्या बायकांना ती सांगायची, आमची यशी गुणाची आहे, कितीही आवाज असो, झोपमोड म्हणून होत नाही. आणि ते खरं होतं. स्टिरिओ पूर्ण आवाजात चालू असताना यशी गोधडीवर मुठी उघड्या टाकून गाढ झोपलेली असायची. आवाजाच्या घरात जन्मलेलं पोर आहे, आवाजाला सरावलंय, असं सगळ्यांनी धरलं होतं.

त्या घराची तऱ्हाच वेगळी होती. झुंबरला हाका मारून उपयोग नसे. म्हणून कुणीच कुणाला हाक मारत नसे. बसायला-झोपायला झुंबरने स्वतः बनवलेला मोठा पत्र्याचा दिवाण होता. त्यावर तो बसलेला असला की चांगुणा पळीने दिवाणाचा पाय ठोकायची. पत्रा अंगाखाली थरथरला की झुंबर वळायचा. तो उभा असला तर त्याच्या खांद्याला हात लावायचा, तोंडासमोर यायचं आणि मग बोलायचं. वर्षानुवर्षांच्या सवयीने मिलिंद बायकोशीही तसंच बोलायचा, करुणा यशीशी तसंच बोलायची. दिवाण ठोकला की यशीही वळायची, आणि सगळे म्हणायचे, बघा, आजोबाची नात.

कारखान्यात झुंबरचं लक्ष उडालं. हातोडा पत्र्यावर आणि जीव घरी. आत्ता ती उठली असेल, आत्ता करुणा धुणं धुवायला गेली असेल. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्याने डबा उघडला, तसाच मिटला आणि सायकल दामटत घरी गेला. यशी झोपलेली होती. तो स्टिरिओवरची धूळ झटकून उपाशीच परत आला. शेजारच्या कामगाराने, धोंडीरामने, त्याची उतरलेली चर्या बघून विचारलं तेव्हा त्याने सगळं सांगितलं. धोंडीरामने विडी पेटवली. म्हणाला, लोखंडात जन्म गेला आपला, आणि तू पाल्याने पोरगी अडवतोस होय?

झालं. झुंबरला वाट सापडली. मालकाची परवानगी काढून, उरलेल्या पट्ट्या आणि जाळी वापरून त्याने कामानंतर थांबून पिंजरा बनवायला घेतला. पट्टी कापली, काटकोन साधले, कडा घासून घासून अशा गुळगुळीत केल्या, की पोरीच्या बोटाला ओरखडा म्हणून येऊ नये. समोर दोन फाटकांचा दरवाजा, त्याला कडी, कडीला कुलूप. त्याच्या हातून निघालेल्या कुठल्याही कपाटापेक्षा तो पिंजरा देखणा झाला. हातगाडीवरून तो कॉलनीत आला तेव्हा माणसं विचारत होती, कोंबड्या पाळणार का? आत स्टिरिओ गेला, कुलूप लागलं, किल्ली करगोट्याला गेली. झुंबरला वाटलं, आता सुखाने झोप लागेल.

यशी दुसऱ्या दिवशी जाळीपाशी गेली. तिने बोटं घातली, ती पेटीपर्यंत पोहोचेनात. गाणं चालू झालं तशी तिने जाळीला गाल लावला, मग काढला, मग दुसरा लावला. आणि मग ती रडायला लागली. हट्टाचं रडणं निराळं असतं, ते आईबापांना कळतं. हे रडणं बारीक होतं, हरवल्यासारखं. झुंबरला ते ऐकू येत नव्हतं, पण तिचं तोंड दिसत होतं.

चांगुणाने दोन दिवस सोसलं. तिसऱ्या दिवशी ती त्याच्या समोर येऊन बसली.

"लहानपणीची ती गोष्ट तुमीच मला सांगितली ना," ती म्हणाली. "सायखेड्यात त्या वाण्याच्या ओट्यावर फोनो वाजायचा, आन आपल्या पोरांना रस्त्यापल्याड लिंबाखाली उभं करायचे. वारा फिरला का गाणं जायचं. सांगितली का नाय?"

"त्याचं काय इथं?"

"काय नाय. तुमी ओट्यावर बसलात, एवढंच. लिंबाखाली आता ती हाय."

झुंबर भडकला. तो कडाडला, की ते लोक कोण आणि मी कोण, आणि ती पोरगी मोठी होईल तेव्हा हे सगळं तिचंच आहे, आज मोडून टाकलं तर तिला तरी काय राहणार? कॉलनीने ऐकलं असावं, कारण आपला आवाज किती मोठा होतो याचा त्याला अंदाज उरला नव्हता. चांगुणा उठून भाकऱ्या थापायला गेली. त्याने किल्ली काही काढली नाही. पण त्या दिवसापासून त्याला गाणं गोड लागेना. रेकॉर्ड लावायची, अर्ध्यात उचलायची, दुसरी लावायची. दाराशी जायचं, परत यायचं, कुलूप चाचपायचं.

त्या रविवारी चांगुणा आणि करुणा वंदनेला विहारात गेल्या. मिलिंद घोटीला पोस्टात नोकरीला होता. तिथल्या कुणा सोबत्याचं लग्न होतं, तो तिकडे गेला होता. घरात आजोबा आणि नात. यशी जमिनीवर गोधडीवर बसून वाटीत चमचा घालत होती, काढत होती. तिची पाठ पिंजऱ्याकडे होती. झुंबरने मनात म्हटलं, ही रमलीय तोवर आतली धूळ पुसून घेऊ. त्याने कुलूप काढलं, एक फाटक उघडून त्याला वीट लावली आणि फडकं घेऊन आत वाकला.

वीट सरकली. लोखंडी फाटक चौकटीवर असं आदळलं, की झुंबरच्याही कानात दडे बसले. पलीकडच्या घरातली बाई खिडकीत आली, काय पडलं म्हणून हातानेच विचारू लागली. झुंबरने काही नाही अशी खूण केली आणि यशी घाबरली असेल म्हणून मागे वळला.

यशीने चमचा वाटीत घातला आणि बाहेर काढला.

तो हसणार होता. भीती म्हणून कशाची नाही, हे चांगुणाचं वाक्य त्याच्या ओठावर आलं होतं. पण त्याची नजर तिच्या पाठीवर थांबली. कारखान्यात जुन्या माणसांना मागून हाक मारायची नसते. नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात हे शिकवतात, की त्यांच्या पुढ्यात जाऊन उभं राहा आणि मग बोल, नाहीतर हात मशीनमध्ये जाईल. अशा पाठी झुंबरने जन्मभर बघितल्या होत्या. त्या पाठीला मागच्या जगाची कसलीच खबर नसते. ती सैल असते, निवांत असते. तशी पाठ त्याच्यासमोर होती, वीतभर रुंदीची, झबल्यातली.

"यशे," तो म्हणाला. मग मोठ्याने म्हणाला. मग त्याने कुलूप जाळीवर आपटलं, पुन्हा आपटलं. तो तिच्या मागे गुडघ्यावर बसला आणि तिच्या डोक्यामागे जोरात टाळी वाजवली. टाळीच्या वाऱ्याने तिचे केस हलले. तिने केसांवरून हात फिरवला आणि पुन्हा वाटीत चमचा घातला.

मग त्याने तिला उचलून दिवाणावर बसवलं, पलीकडे तोंड करून. आणि दिवाणाच्या पायावर बोटाने टकटक केली, अगदी हलकी. यशी गर्रकन वळली आणि त्याला बघून तोंडभर हसली.

झुंबर खाली बसला. बागुलबुवाला न भिणारी पोर, ढोलकीत झोपणारी गुणाची पोर, सगळं एका रांगेत त्याच्यासमोर उभं राहिलं. दुसऱ्या कुठल्याही घरात हे कधीच ध्यानात आलं असतं. पहिल्या महिन्यात भांडं पडलं असतं, पोर दचकलं नसतं, आईच्या काळजात धस्स झालं असतं. इथे सारं घर एका बहिऱ्या माणसाच्या सोयीने चालत होतं. पोरीला ऐकायची गरजच कुणी पडू दिली नव्हती. आणि ती पेटीला गाल लावायची ते का, हे आता त्याला कुणी सांगायला नको होतं. त्याला ते बरगड्यांतून ठाऊक होतं. त्याने तिच्यासाठी जाळी बसवली होती, कडा घासून गुळगुळीत केल्या होत्या. झुंबरला स्वतःची लाज वाटली, इतकी, की मोरीत जाऊन त्याने तोंडावर पाणी मारलं.

बायका परत आल्या. करुणाने यशीला कडेवर घेतलं, विहारात कोण कोण भेटलं ते तिला सांगू लागली. यशी तिच्या ओठांकडे टक लावून बघत होती. झुंबरला ते बघवेना. तो बाहेर जाऊन आला, पुन्हा बाहेर गेला. मिलिंद संध्याकाळी घोटीहून आला, तेव्हा झुंबरने सगळ्यांना दिवाणासमोर उभं केलं आणि सांगितलं.

करुणा आधी हसली. म्हणाली, "काहीतरीच काय मामा, मी आले की वळते की माझ्याकडे." मग तिने यशीच्या मागे उभं राहून हाक मारली. पुन्हा मारली. मिलिंदने ताटावर डाव आपटला. करुणाने पितळी घागर जमिनीवर लोटली, ती गडगडत भिंतीपर्यंत गेली. मग कुणी कुणाकडे न बघता जे हाताला लागेल ते वाजवू लागलं, परात, डबा, कपाटाचं दार. शेजारपाजारची माणसं दारात गोळा झाली. त्यांना वाटलं, घरात साप निघाला. आणि त्या सगळ्या गदारोळात गोधडीवर ती एवढीशी पाठ, सैल, निवांत. सगळ्यात शेवटी थांबली ती करुणा. डाव तिच्या हातातून मिलिंदला काढून घ्यावा लागला.

"मी जवळ गेले की ती वळायची," ती चांगुणाला पुन्हा पुन्हा सांगत होती. "आत्या, मला वाटायचं हाक ऐकून वळते."

मोठ्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, जन्मापासूनच आहे. कानामागे लावायचं यंत्र देऊ, थोडाफार फरक पडेल, पुढे बहिऱ्या मुलांच्या शाळेत घाला. झुंबरने विचारलं, हे माझ्याकडून आलं का? डॉक्टर नाही म्हणाले, पत्र्याने गेलेले कान नातीत उतरत नाहीत. मिलिंदने तेच त्याला तोंडासमोर येऊन परत सांगितलं. झुंबरने मान डोलावली. पण बसमध्ये तो सगळा रस्ता यशीच्या कानाची पाळी दोन बोटांत धरून बसला होता.

घरी आल्यावर त्याने पाना घेतला आणि पिंजरा खोलला. पट्ट्या सुट्या झाल्या, जाळी गुंडाळून माळ्यावर गेली. मिलिंद म्हणाला, दादा, निदान प्लेअरभोवती तरी राहू द्या. चांगुणा मध्ये पडली नाही. झुंबरने दोन्ही पेट्यांच्या तोंडावरची कापडाची चौकट काढून टाकली, म्हणजे मधे काहीच नको. यशीने पहिल्याच आठवड्यात स्पीकरच्या काळ्या कागदी पडद्यात बोट घालून भोक पाडलं. करुणाने कपाळाला हात लावला. झुंबर त्या भोकाकडे बघत राहिला, जिवाची तगमग झालीच त्याची, खोटं कशाला सांगायचं. मग त्याने यशीचं बोट तपासलं, कुठे लागलं नाही ना ते बघितलं, आणि रेकॉर्ड लावली.

जयंती जवळ आली तसा धोंडीराम एका सकाळी दारात उभा राहिला. कॉलनीच्या कार्यक्रमाला स्टिरिओ दरवर्षी झुंबरच द्यायचा. आत गाणं चाललं होतं. झुंबर जमिनीवर बसला होता, पेटीला पाठ टेकून. दुसऱ्या बाजूने यशीने पेटीला दोन्ही हातांनी मिठी मारली होती, गाल लावला होता, डोळे मिटले होते. धोंडीरामने कान टवकारले, तोंड वेडंवाकडं केलं, मग पुढे येऊन झुंबरच्या खांद्याला हात लावला.

"आरं, पेटी लय फाटून वाजती," तो म्हणाला. "कानाला सोसत नाय. जयंतीला कशी लावायची? तेवढी दुरुस्त करून आण की."

"फाटून वाजती व्हय?" झुंबर म्हणाला. त्याने मान वळवून पेटीकडे बघितलं, मग नातीकडे. "आमाला दोघांना नाय कळलं."

धोंडीराम चपला काढून दिवाणावर बसला. तेवढ्यात रेकॉर्डची बाजू संपली. यशीने गाल काढला, डोळे उघडले आणि आजोबाकडे बघितलं. झुंबर जमिनीला हात टेकून उठला आणि बाजू पालटायला गेला.